मुलांची कंबर आणि मुलांचे हृदय
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



दर महिन्याला आपल्या मंडळात कोणीतरी बाहेरच्या विदुषी येऊन बोलतात. या खेपेस चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आहे. विषयही त्यांनीच नेमून दिला, "वाढत्या मुलामुलींचा लठ्ठपणा". माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा डॉक्टरी भाषा माझ्यापाशी नाही. पण शिवणाची टेप वीस वर्षे माझ्या गळ्यात आहे, आणि आजचा विषय बराचसा त्या टेपचाच आहे, म्हणून मी हो म्हटले. जे सांगणार आहे ते मुलांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून लिहून घेतले आहे, आणि लिहिलेले त्यांना पुन्हा वाचून दाखवले आहे.

आपल्याकडे मूल अंगाने भरलेले दिसले की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना समाधान वाटते. "खात्यापित्या घरचे दिसते हो," असे कोणी म्हटले की आईलाही बरे वाटते. यात त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. ज्यांनी उपासमार पाहिली त्यांना गुबगुबीत मूल म्हणजे देवाची कृपाच वाटणार. आपल्याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या बाजूला, वावर-वांगणीच्या पाड्यांवर 1992-93 साली कुपोषणाने किती बालके दगावली ते आपल्यापैकी कित्येकींना आठवत असेल. तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता; पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला. अजूनही अंगणवाडीत सेविका लहान मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळून पाहतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरांहून बारीक निघाला की त्याला लगेच उपचार हवेत, असा तो नियम आहे. एक साधी पट्टी, पण तिने किती मुले वेळीच डॉक्टरांपर्यंत पोचली असतील!

आता त्याच जिल्ह्याच्या या टोकाला, वसई-विरारच्या इमारतींत, आपल्याला दुसरी पट्टी लागू लागली आहे, ती कंबरेची. 2016 ते 2018 या काळात साऱ्या देशात मुलांच्या पोषणाची मोठी सरकारी पाहणी झाली. दहा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलांमागे चोवीस मुले वयाच्या मानाने कृश आढळली आणि पाच मुले फाजील वजनाची. पाच म्हणजे थोडीच, असे कोणी म्हणेल. पण ही पाच सगळीकडे सारखी विखुरलेली नाहीत. शहरांत आणि सुस्थितीतल्या घरांत ती अधिक आहेत. म्हणजे आपल्या दारात.

मूल लठ्ठ असले तर त्याच्या हृदयाचा काय संबंध, असे मीही डॉक्टरीणबाईंना विचारले. हृदयविकार हे पुरुषांचे, तेही पन्नाशीचे दुखणे, अशी माझी समजूत होती. त्यांनी मला एक जुनी हकीकत सांगितली. कोरियाच्या युद्धात जे अमेरिकन सैनिक मारले गेले, त्यांतल्या 300 जणांची हृदये डॉक्टरांनी उघडून पाहिली. 1953 साली ती माहिती छापून आली. हे सैनिक सरासरी बावीस वर्षांचे, धडधाकट, लढाईवर गेलेले पोरगे. तरी त्यांच्यातल्या शंभरांमागे 77 जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रोगाची खूण सापडली. पुढे अमेरिकेतच लुइझियाना राज्यातील बोगालुसा नावाच्या गावी डॉ. बेरेन्सन यांनी शाळकरी मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. त्यातून हे पक्के झाले की रक्तवाहिन्यांत चरबीचे पट्टे बसायला लहानपणीच सुरुवात होते, आणि जाडी, रक्तदाब व रक्तातली चरबी जितकी जास्त तितके ते पट्टे जास्त. आपल्या देशात तर हृदयाचा झटका पाश्चात्त्य लोकांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. विरार लोकलला लटकून जाणारे चाळिशीतले कर्ते पुरुष कसे अचानक जातात ते आपण पाहिले आहे. त्या दुखण्याचे बी चौदाव्या-पंधराव्या वर्षी पेरले जात असेल, तर आईने तेव्हाच पाहिले पाहिजे.

बरे, सगळी चरबी सारखी घातक नसते. कातडीखाली, मांड्यांवर, दंडांवर असते ती त्या मानाने निरुपद्रवी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते ती खोडसाळ. ती तिथून रक्तात उतरत राहते, यकृताचे काम बिघडवते. मग साखर जिरवणाऱ्या इन्सुलिनचा अंमल कमी होतो, शरीर ते अधिकाधिक तयार करू लागते, रक्तदाब चढतो. म्हणून वजन किती, यापेक्षा चरबी कुठे, हे विचारायचे.

वजनाच्या काट्यावर आपला फार विश्वास. डॉक्टर लोक वजनाला उंचीच्या वर्गाने भागून एक आकडा काढतात. हिशेबाची मूळ कल्पना बेल्जियममधील केटले या गणितज्ञाची, सन 1832 ची. किलोमधले वजन घ्यायचे, त्याला मीटरमधल्या उंचीने एकदा भागायचे, आलेल्या उत्तराला त्याच उंचीने पुन्हा भागायचे. मुलांच्या बाबतीत तो आकडा वयाप्रमाणे बदलतो, म्हणून तक्ता लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 5 ते 18 वर्षांसाठी तसे तक्ते 2015 साली नवे करून दिले आहेत. हे चांगलेच आहे. पण काट्याला हाड, मांस आणि चरबी यांतला भेद कळत नाही.

याचे एक गमतीदार उदाहरण पुण्याचे आहे. तिथल्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी स्वतःचीच मापे 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फोटोसकट छापली. वजन-उंचीचा आकडा दोघांचाही अगदी एकच, 22.3. त्या हिशेबाने दोघेही बेताच्या अंगाचे. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची शेकडा 9.1 आणि आपल्या याज्ञिकांची शेकडा 21.2! आपले लोक दिसायला सडपातळ असून आतून चरबीदार असतात, हे दाखवायला त्यांनी स्वतःचे अंगच पुढे केले. तेव्हा "आमचा बंड्या कुठे जाड आहे, हातपाय तर काटक्या आहेत," असे म्हणणाऱ्या आईने बंड्याचा सदरा वर करून पोट पाहावे.

आता मुलींविषयी थोडे थांबून बोलते, कारण इथे आपण बायकाच फार घोळ घालतो. दहा-अकराच्या पुढे मुलगी मोठी होऊ लागते तेव्हा तिच्या नितंबांवर, मांड्यांवर, छातीवर मांस चढते. ती निसर्गाची तयारी आहे, रोग नव्हे. उंची वाढायच्या आधी कित्येक मुले-मुली थोडी भरतात आणि मग ताडकन उंच होतात. अशा वेळी काट्याकडे पाहून आई घाबरते आणि पोरीचे जेवण तोडते. घरात "ढोली", "भोपळा" अशी नावे पडतात. मुलगी चोरून खाऊ लागते किंवा खाणेच टाकते. आधीच आपल्या मुलींच्या अंगात रक्त कमी, त्यात हे उपास. टेपचा मोठा उपयोग इथे आहे. अंग भरले पण कंबर उंचीच्या मानाने बेताचीच आहे, असे दिसले तर त्या मुलीला सुखाने वाढू द्यावे.

उंचीच्या मानाने म्हणजे किती, तर निम्म्याहून कमी. एवढेच लक्षात ठेवायचे आहे. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा. इंग्लंडमध्ये मार्गारेट अॅशवेल नावाच्या बाईंनी हा नियम वर्षानुवर्षे लावून धरला, आणि 2022 साली तिथल्या आरोग्य खात्याला सल्ला देणाऱ्या संस्थेने मोठ्यांसाठी व पाच वर्षांवरील मुलांसाठीही तो सुचवला. नुसत्या कंबरेचा आकडा पाहायचा तर वयागणिक आणि मुलगा-मुलगी यांगणिक वेगळा तक्ता लागतो. तसा तक्ता भारतीय मुलांसाठी पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातील संशोधन संस्थेच्या डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली केला. एका वयाच्या शंभर मुलांना कंबरेच्या क्रमाने उभे केले, तर सत्तराव्याच्या पुढे जी मुले येतील त्यांच्याकडे लक्ष द्यावे, असे त्यांनी सुचवले. डॉक्टरांना तो तक्ता हवाच. आपल्याला घरी मात्र निम्म्याचा नियम सोपा, कारण मूल वाढते तशी उंची वाढते आणि तिच्याबरोबर निम्मेही वाढते. टेपच्या इंचाच्या बाजूने मोजा की सेंटिमीटरच्या, काही बिघडत नाही. दोन्ही मापे एकाच बाजूने घ्या म्हणजे झाले. उंची साठ इंच तर कंबर तिसाच्या आत. उंची 152 सेंटिमीटर तर कंबर 76 च्या आत.

ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी न ताणणारी सुतळी घ्यावी. मुलाच्या उंचीइतकी कापावी, मधोमध दुमडावी आणि दुहेरी सुतळी कंबरेभोवती फिरवावी. टोके जुळली आणि वर थोडी सुतळी उरली तर ठीक. टोके भेटतच नसतील तर डॉक्टरांकडे न्यावे.

पण माप घेण्यात चुका होतात, आणि शिवणकाम करणाऱ्या बायका जास्त करतात! आपण परकराच्या नाड्याची जागा ती कंबर धरतो. ती जागा खालची. पोट तिच्या वर लोंबत असते. दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपून शेवटची फासळी शोधा, मग खुब्याच्या हाडाचा वरचा काठ शोधा, आणि त्या दोहोंच्या बरोबर मध्यावर टेप ठेवा. टेप मागे वर आणि पुढे खाली अशी तिरपी जाऊ देऊ नका. उघड्या अंगावर किंवा फार तर पातळ बनियनवर माप घ्या. सकाळी, खाण्यापूर्वी बरे. मूल पोट आत ओढते, मुलगे तर हमखास. त्याला काहीतरी बोलते करावे, आणि त्याने सहज श्वास सोडला की आकडा वाचावा. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. दोनदा मोजून पाहावे. माझ्या शिवणाच्या डब्यातल्या एका जुन्या कापडी टेपला मी पोलादी पट्टी लावून पाहिली, तर ती पाऊण इंच ताणलेली निघाली. तेव्हा आधी टेप तपासा, मग मुलाला.

उंचीला भिंत पुरते. चपला काढून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवे धरून खूण करावी. मुलींचे अंबाडे व वर बांधलेल्या वेण्या सोडाव्यात, नाहीतर उंची फुकटची वाढते आणि निम्मेही वाढते.

मानेचा घेर, मनगटाचा घेर, दंडाचा घेर अशीही मापे डॉक्टर लोक तपासून पाहत आहेत. मानेला जेवणाआधी-जेवणानंतर असा फरक पडत नाही, हा तिचा गुण. कंबर-नितंबांचे प्रमाण मोठ्यांसाठी पूर्वीपासून वापरात आहे, पण वाढत्या मुलांचा सांगाडाच बदलत असतो म्हणून तिथे ते फसवते. चिमट्याने कातडीची जाडी मोजतात, त्याला शिकलेला हात लागतो. आपण त्या भानगडीत पडू नये.

एक गोष्ट मात्र मोजावी लागत नाही, ती नुसती दिसते. आमच्या वाडीतल्या एका मुलाची हकीकत त्याच्या आईच्या परवानगीने सांगते. नाव घेत नाही. वय चौदा. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झालेली. आई रोज काथ्याने घासायची, उटणे लावायची, दही-बेसन लावायची. पोरगा कळवळायचा, "आई, मी आंघोळ करतो गं." शेजारणी म्हणायच्या, मळ आहे. तो मळ नव्हता. इन्सुलिनचे बिनसले की कित्येक मुलांच्या मानेवर अशी खूण उमटते. ती घासून जात नाही. मी टेप लावली. उंची 158, कंबर 91. निम्मे झाले 79, म्हणजे बारा सेंटिमीटर वर. मी काही निदान केले नाही, मला ते येतही नाही. मी एवढेच म्हटले, "वहिनी, काथ्या ठेवा आणि याला डॉक्टरांकडे न्या." तिथे तीन निरनिराळ्या दिवशी रक्तदाब 130 च्या वरच निघाला, आणि सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली. मुलाला कसलाच त्रास होत नव्हता हे ध्यानात घ्या. तो हसत-खेळत होता.

त्याला गोळ्या दिल्या नाहीत. उपासही सांगितला नाही. वाढत्या मुलाचे वजन घटवण्याची घाई नसते. वजन जागच्या जागी राहिले आणि उंची वाढली तरी काम होते. वर्षाने त्याचे वजन 71 चे 70 झाले, म्हणजे जवळजवळ तेच. पण उंची 163 आणि कंबर 84. अजून निम्म्याच्या थोडी वरच आहे. रक्तदाब खाली आला आहे. मान पूर्ण उजळली नाही, पण मऊ पडली आहे.

त्या घरात बदलले काय? आई-बाप दोघे नोकरीला, पहाटेच्या गाडीने निघणार ते रात्री येणार. मुलाच्या हातात रोज पैसे ठेवलेले असत, त्यांतून वडापाव, पाकिटातले तळलेले आणि थंड पेयाची बाटली. तीनशे मिलिलिटरच्या एका गोड बाटलीत सहा-सात चमचे साखर असते, हे मला खरे वाटेना. चमच्याने वाटीत काढून पाहिली तेव्हा पोटात गोळा आला. ती बाटली पहिली बंद झाली. दुसरे, सकाळीच डब्यात भाकरी किंवा पोळी, भाजी, एखादे अंडे नाहीतर उसळ, आणि एक केळे ठेवायचे. वसईत राहून आपण पोरांना पाकिटातला खाऊ द्यावा आणि वाडीतली केळी, पालेभाजी पहाटेच्या गाडीने दादरला जावी, हा उलटा व्यवहार आहे. (सुकेळीचे नाव कोणी घेऊ नका. ती मलाही आवडतात, पण ती सणासुदीचीच बरी.) सुके मासे, पापड, लोणचे यांतल्या मिठाकडेही पाहावे, रक्तदाबाशी त्याचे नाते आहे. मंडईत हल्ली बारीक होण्याच्या पुड्या आणि चहा विकतात, ते मुलांना मुळीच देऊ नका.

तिसरे, खेळ. मुलांना रोज तासभर तरी घाम येईल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी वाडीतून शाळेपर्यंत चालतानाच तेवढी होई. आता शाळेची गाडी, मग शिकवणी, मग मोबाइल. नालासोपाऱ्याच्या आणि विरारच्या किती इमारतींत मुलांना पाय टाकायला जागा आहे? गच्ची आहे, तिला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे. मी तर म्हणते, आपल्या मंडळाच्या बायकांनी प्रत्येकीने आपल्या सोसायटीत जाऊन संध्याकाळी सहा ते सात, कोणातरी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, गच्ची उघडी ठेवायला लावावी. पाऊस नसेल तेव्हा मुलींना दोरीवरच्या उड्या मारायला तेवढी जागा पुरे.

सरकारी व अनुदानित शाळांत मुलांची आरोग्य तपासणी होते. त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरलाच झाला होता. ते पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ज्यांची मुले खाजगी शाळांत आहेत त्यांनी वर्षातून एकदा स्वतः न्यावे. डॉक्टरांना टेपचा आकडा सांगावा आणि रक्तदाब, उपाशीपोटी साखर, रक्तातली चरबी यांपैकी काय पाहायचे ते त्यांना ठरवू द्यावे. घरात कोणाला तरुणपणी झटका आला असेल, मधुमेह असेल, तर तेही आपणहून सांगावे. टेप ही चाळणी आहे. चाळणीत अडकलेले प्रत्येक मूल आजारी असतेच असे नाही, आणि खाली गेलेले प्रत्येक ठणठणीतच असेल असेही नाही.

चिटणीसबाईंनी मान्य केले आहे की मंडळाच्या खोलीत दाराआड उंचीची पट्टी भिंतीवर रंगवायची आणि एक चांगली टेप टांगायची. बुधवारी दुपारी मुलींची मापे पडद्याआड घेऊ, शनिवारी मुलग्यांची. आकडा वहीत लिहिला जाईल, मोठ्याने वाचला जाणार नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या मुलाचा आकडा कोणी विचारायचा नाही. ही अट मी घातली आहे आणि ती मोडली तर मी टेप घेऊन घरी जाईन.

मघाशी आत येताना एक बाई हळूच विचारत होत्या, "मुलांचे झाले, पण आमचे काय?" तर मोठ्या बायकांना आपल्या देशात ऐंशी सेंटिमीटर आणि पुरुषांना नव्वद, ही धोक्याची रेघ धरतात. ऐंशी म्हणजे साडेएकतीस इंच. माझ्या वहीत तुम्हा सगळ्यांच्या ब्लाउजची मापे आहेत. कंबरेची नाहीत, म्हणून घाबरू नका. बुधवारी मुलींना घेऊन याल तेव्हा तुमचीही घेईन.